मेढीजवळची जागा

बा, आज संध्याकाळी खळ्यावर खेळता खेळता चेंडू उसवला. वरचा धागा सुटला, लोकर ढिली पडली आणि आतली चिंधी बाहेर आली. ती तुमच्या मुंडाशाच्या शेवाची चिंधी आहे हे आता माझ्याशिवाय आणि तुमच्या सुनेशिवाय कुणाला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत वरची लोकर कितीदा बदलली, आतली चिंधी मात्र तीच ठेवत आलो. आज ती हातात घेतली तर तिचा भुगाच झाला. खळ्यावरची सगळी म्हातारी माणसं हात पुढे करून तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, उद्या नवा वळतो, खेळ काही बंद पडत नाही. घरी आलो, हातपाय धुतले आणि कागद घेऊन बसलो. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. मलाही तुम्ही गेल्यानंतरच आलं, भोरच्या बाजारातून मीठमिरची बांधून यायची त्या कागदांवरून. चुलीत घालायच्या आधी एकेक कागद सरळ करायचा आणि अक्षराला अक्षर लावत बसायचं. बाराखडी पुरी व्हायला माझे केस पिकले. तरी तुम्हाला म्हणून कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या.

तुम्ही पडलात ते लावणीच्या दिवसांत. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं, आणि तुम्ही बांधावरून खालच्या खाचरात रोपाच्या मुठी फेकत होता. तुमची फेक कधी चुकायची नाही. जिथं मूठ हवी तिथंच पडायची, लावणाऱ्या बाईला पाऊल उचलावं लागायचं नाही. तो बांध पावसानं आतून पोखरला होता, तो तुमच्यासकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबी लावून बांधलं आणि दसऱ्याच्या सुमाराला सोडलं. त्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, हाड जुळलंय, आता चालवा. पण तुम्ही चाललाच नाहीत. उठवायला गेलो की भिंतीला धरायचात, दोन्ही पाय थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, आणि मग म्हणायचात, "ठेव मला खाली." दुखत नव्हतं, हे मला कळायचं. पुन्हा पडू ही भीती बसली होती. आणि ती तुमच्यासारख्या माणसाला बोलून दाखवता येत नव्हती, म्हणून तुम्ही एकच धरून बसलात की म्हातारपण आलं, आता बसायचं.

मळणी आली तेव्हा मी तुम्हाला पाठुंगळी घेऊन खळ्यावर आणायचो आणि कडेला पोत्यावर बसवायचो. तिथून तुम्ही सगळ्यांना शिव्या द्यायचात, त्याचं मला बरं वाटायचं. शिव्या देणारा माणूस अजून घरात असतो. त्या वर्षी मी बैलांची पात बांधली ती आपल्या जुन्या तांबड्या बैलाला सोडून. आठवतं? त्याच्या मानेवरचे केस गेले होते, चालताना गुडघे वाजायचे. मला त्याची दया आली. बाकीचे बैल एकाशेजारी एक दावणीत घेतले, खळ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला, दोरीचा फास टाकला आणि तांबड्याला आंब्याखाली बांधून पुढ्यात पेंढा टाकला. तुम्ही पोत्यावरून बघत होता.

"त्याला का सोडलंस?"

"म्हातारा झालाय बा. खाऊ दे निवांत."

"निवांत खाईल आन् शिमग्याच्या आत मरंल. आन त्याला. मेढीजवळ घाल."

"दम लागंल त्याला."

"आरं, मेढीजवळ रिंगण कितीसं आसतंय? कडंचा बैल धावतो तवा आतला नुस्ता अंगापुरता फिरतो. पर फिरतो का न्हाई? फिरतोय तवर त्यो पातीत हाय. बसवलास की संपला."

मी तांबड्याला सोडून आणला आणि मेढीला लागून बांधला. पात सुरू झाली. कडेचा खोंड फुरफुरत लांब पावलं टाकतोय, मधले त्याच्या मागं ओढले जातायत, आणि तांबडा आपला खांबाशी अंग घासत बारीक बारीक पावलांनी वळतोय. दुपारपर्यंत त्याचे कान ताठ झाले. तुम्ही पोत्यावरून म्हणालात, "बघ." एवढंच म्हणालात. पण माझ्या डोक्यात ते जे बसलं ते आजवर निघालेलं नाही.

उपणणी झाली, रास उभी राहिली. आपल्याकडे रिवाज असा की घरातल्या वडील माणसानं हातात धुपाटणं घेऊन राशीभोवती मुक्यानं एक फेरा घालायचा आणि मगच राशीला माप लावायचं. फेऱ्यात त्यानं बोलायचं नाही आणि बघणाऱ्यांनीही नाही. तो जिता असताना दुसऱ्यानं फेरा घातला तर वडील माणूस कामातून गेला, हे गावाला वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही पोत्यावरून मला हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "यंदापासनं रास तू घे."

"मी न्हाई घेणार."

"मग कोण घेनार?"

"तुमी."

"मला उठता येतंय का?"

"तांबड्याला मी बसवला तवा काय म्हनलात?"

तुम्ही काठी फेकून मारलीत. ती माझ्या पायाशी पडली. फेक अजून चांगली होती, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं. मी काठी उचलून तुमच्याजवळ आणून ठेवली आणि रास एका बाजूला ओढून पेंढ्यानं झाकली. म्हटलं, तुम्ही फेरा घालाल तेव्हा माप लागेल, तोवर ही इथंच राहील. आई माझ्या मागं लागली. पाखरं खातील, उंदीर लागतील, घरात जुनं भात संपत आलंय. गावातली माणसं खळ्यावरून जाता जाता मुद्दाम थांबायची. पोरगं बापाची रास अडवून बसलंय, असं मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलायची. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. पाणी हवं असलं तरी आईला सांगायचात, "त्याला म्हनावं तांब्या दे," आणि मी समोरच उभा असायचो. मी रोज तुम्हाला पाठीवर घेऊन खळ्यावर आणत होतो आणि रोज रास तुमच्या समोर होती.

त्यातच वरच्या धनगरवस्तीतले तुमचे एक जुने दोस्त मेंढरं घेऊन उतरले. दर साली भात निघालं की ते आपल्या खाचरांत मेंढरं बसवायचे, शेताला खत व्हायचं आणि त्यांना भात मिळायचं. त्यांनी सगळी हकिकत आईकडून ऐकून घेतली, खळ्यावर आले आणि तुमच्यासमोर उकिडवे बसले.

"काय रं गड्या, पोत्यावर बसून बसून पोतंच झालास की."

"मांडी मोडलीया माजी."

"मांडी मोडली, हात न्हाई मोडला."

तुम्ही तोंड फिरवलंत. त्यांनी काही न विचारता तुमच्या मुंडाशाचा सुटलेला शेव धरला आणि टर्रकन फाडला. तुम्ही ओरडलात, ते ऐकून त्यांची कुत्री उठून उभी राहिली. ते मात्र शांतपणे चिंधीचा बोळा करत होते. मेंढी कातरल्यावर राहिलेली लोकर त्यांच्या झोळीत असायची. ती पाण्यात बुचकळली, बोळ्याभोवती गुंडाळली आणि दोन्ही तळव्यांत वळत बसले. वरून लोकर कातायच्या चातीवरचा काळा धागा गच्च आवळला. उन्हात वाळल्यावर जो चेंडू झाला तो माणसाला लागला तरी दुखू नये असा मऊ आणि हातातून सहसा निसटू नये असा खरबरीत. तो त्यांनी थेट तुमच्या छातीवर मारला.

माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं उडवणारा माणूस तुम्ही. आलेल्या फेकीला उत्तर न देता बसणं तुमच्या रक्तात नव्हतं. तुम्ही असा काही परत फेकलात की तो खळं ओलांडून मेंढरांत गेला.

"आता कोन आननार? मी न्हाई जात," ते म्हणाले. "माजी मेंढरं वळता वळता माजे पाय गेले. जरा बेतानं टाक की."

तिथून सुरू झालं. पहिले काही दिवस दोघं समोरासमोर पोत्यांवर बसून, पाय पसरून. कधी हातांनी फेकायचा, कधी पायानं ढकलायचा. तुमचा मोडलेला पाय आधी नुसता पडून असायचा. मग चेंडू त्याच बाजूला येऊ लागला, कारण ते तिकडेच टाकायचे, आणि पाय हळूहळू हलू लागला. मध्ये रिकामी दुरडी ठेवून तिच्यात कोण टाकतो तेही झालं. आई डाळ निवडता निवडता बघायची. शेजारच्या काकी, ज्यांचे गुडघे इतके आखडले होते की उंबरा ओलांडताना त्या चौकटीला शिव्या द्यायच्या, त्या एक दिवस येऊन आईजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "मला बी टाका की एक." मग आईही आली. मग नेम आणि हार-जीत आली, आणि ज्याच्या हातून चेंडू पडेल त्यानं दुसरे सांगतील त्या जनावराचा आवाज काढायचा असं ठरलं. आई कोंबडी झाली. काकी मांजर झाल्या, आणि त्यांना मांजर इतकं झकास जमलं की त्या पुढं मुद्दाम चेंडू पाडू लागल्या. तुमच्या हातून पडला तेव्हा दोस्त म्हणाले, "हंबर." तुम्ही म्हणालात, मी कुणबी माणूस, असलं काही करायचा नाही. ते म्हणाले, "मग खेळू नगंस." तुम्ही इकडंतिकडं बघितलंत आणि अगदी बारीक आवाजात हंबरलात. गोठ्यातून तांबड्यानं उत्तर दिलं. काकी हसता हसता पोत्यावर आडव्या झाल्या. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "रासंम्होरं आसलं खिदळायचं व्हय?"

"वैनी, रासंला बी कटाळा आला आसंल पडून पडून," दोस्त म्हणाले.

मी पेंढा सारखा करत होतो. तुम्ही हसलात तेव्हा माझ्याकडे बघितलंत, आणि मग आठवण झाल्यासारखं तोंड वळवलंत.

दुसऱ्या दिवशी दोस्तांनी मळणीचा दोर आणला, मेढीला फास टाकला आणि म्हणाले, आता उभ्यानं. तुमचा चेहरा उतरला. "मला बैलागत बांधतोस?"

"बांधत न्हाई, धर म्हनतोय. मी बी धरतोय, वैनी बी धरत्यात. तू मेढीला धर."

मी पुढं झालो तर त्यांनी मला हटकलं. "तू लांब ऱ्हा. तू हात दिलास की ह्यो लगेच म्हातारा हुतो."

मला लागलं ते. पण खरं होतं. मी आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. तुम्ही मेढीला मिठी मारल्यासारखं धरून उठलात. तुमच्याशेजारी काकी, मग आई, कडेला दोस्त, सगळ्यांच्या एका हातात दोर. जसे बैल घालतात तशीच पात. तुम्ही फक्त अंगापुरतं वळायचं, काकींनी दोन पावलं टाकायची, कडेला दोस्तांनी लांब चालायचं, आणि मोकळ्या हातानं चेंडू आतून बाहेर आणि बाहेरून आत द्यायचा. चेंडू आला की तुम्हाला मेढीवरचा हात सोडावा लागायचा. तेवढ्या क्षणापुरते तुम्ही तुमच्या पायांवर असायचात आणि तुमचं लक्ष चेंडूवर असायचं, पायांवर नसायचं. त्यांनी हे ठरवून केलं होतं का, ते मी त्यांना पुढं विचारलं. म्हणाले, "मला काय ठावं, मला खेळायचं हुतं."

आणि मग ढग आले. मार्गशीर्षातले ते अवकाळी ढग, तोरण्याच्या मागून काळेभोर वर चढत आलेले. वारा सुटला, राशीवरचा पेंढा उडू लागला. तुम्ही मेढीला धरून उभे होतात. इतक्या दिवसांनी तुम्ही माझ्याशी थेट बोललात.

"रास उचल."

"माप लागल्याबिगर कशी उचलू?"

"मग घाल फेरा."

"तुमी घाला."

"लेका, भिजंल सगळं. वर्साचं खानं हाय."

"भिजू दे."

आई रडायला लागली. मी घोंगडी आणून राशीवर टाकत होतो. मलाही ठाऊक होतं की भात भिजलं तर पोरंबाळं नाचणीच्या पेजेवर राहतील. पण त्या दिवशी मी फेरा घातला असता तर तुम्ही त्या पोत्यावरून पुन्हा उठला नसतात, हेही मला तितकंच ठाऊक होतं. तुम्ही वर ढगांकडे बघितलंत. मग आईला म्हणालात, "धुपाटणं आन." आणि मेढ सोडलीत.

मेढीपासून राशीपर्यंत तुम्ही कसे गेलात ते मी डोळे भरून बघितलं आहे. धुपाटणं हातात आलं, फेरा सुरू झाला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. वाऱ्यानं निखारे फुलत होते. तुमचा पाय राशीच्या पलीकडच्या बाजूला अडखळला. सांभाळा म्हणायचं माझ्या जिभेवर आलं, पण बोलायचं नव्हतं आणि हातही द्यायचा नव्हता. तेव्हा दोस्त तुमच्या समोरच्या अंगाला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी चेंडू छातीशी धरला, आता टाकतोच अशा बेतानं. तुमचे डोळे चेंडूवर गेले. ते एकेक पाऊल मागं सरकत गेले, तुम्ही एकेक पाऊल पुढं येत गेलात, आणि फेरा पुरा झाला. तुम्ही धुपाटणं खाली ठेवलंत आणि पहिलं वाक्य बोललात ते मला. "बघत काय ऱ्हायलास, माप लाव."

पाऊस आलाच. अर्धी रास घरात गेली, खालचं भात ओलं झालं. त्या साली भाताला कुबट वास यायचा आणि आई प्रत्येक घासाला मला ऐकवायची. तुम्ही मात्र मुकाट जेवायचात.

त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होता, आणि मळणीचे दिवस सोडले तर रोज ऊन कललं की खळ्यावर पात लागायची. तुम्ही मेढीपासून एकेक जागा बाहेर सरकत गेलात आणि आत नवं माणूस घेत गेलात, ज्याचे गुडघे धरलेत, ज्याचा हात कापतो, जो खाटेवरून उठत नाही. घरी जाऊन ओढून आणायचात. कुणी म्हटलं मला जमायचं नाही, तर तुम्ही म्हणायचात, मेढीजवळ जागा आहे. शेवटच्या साली एक दिवस तुम्ही आलात आणि काही न बोलता मेढीजवळ उभे राहिलात. दोराचं कडेचं टोक माझ्या हातात दिलंत. त्या दिवशी चेंडू तुमच्या हातून पडला तर तुम्ही न सांगता हंबरलात.

आता संस्थान गेलं, भोरचा कारभार बदलला, कापूरहोळला मोटारी थांबतात. खळं तेच आहे, मेढ दोनदा बदलली. संस्थानच्या नोकरीतून घरी बसलेले एक रावसाहेब आहेत. ते आधी पारावरून हसायचे की कुणब्यांची म्हातारी पोरं झाली. गेल्या थंडीत त्यांची कंबर धरली. मी त्यांच्या दारात जाऊन बसलो, उठेचना. ते म्हणाले, "उद्या येतो." मी म्हटलं, उद्या मीही इथंच येऊन बसतो. आता ते रोज येतात आणि चेंडू पडला की कुत्र्यासारखे भुंकतात, जरा जास्तच हौसेनं. मी कुणालाच सोडत नाही, बा. लोक मला हट्टी म्हणतात. असेन. एक माणूस बसलं की त्याच्या शेजारचंही बसतं, हे मी गावात पुष्कळ बघितलंय.

नव्या चेंडूत घालायला चिंधी शोधत होतो. आता वाटतं, हा कागदच घालावा, तुमच्या मुंडाशाच्या भुग्यासकट. टपालात टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि घरात ठेवला तर कुणी वाचेल आणि मला वेडा म्हणेल. लोकरीत गुंडाळला तर निदान रोज चार हातांतून फिरेल.

फक्त एक लिहायचं राहिलं. वर मी असं लिहिलंय की चेंडू उसवला आणि सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. तेव्हा मी कडेला नव्हतो. चार दिवस झाले, मोठं रिंगण चालताना मला धाप लागते. आज पात लागताना मी सगळ्यांना सांगितलं की आतून सगळ्यांवर नीट नजर राहते. रावसाहेबांनी मान डोलावली. तुमच्या सुनेनं मेढीजवळची तिची जागा सोडली, कडेला गेली आणि माझ्या हातातून दोराचं टोक काढून घेतलं.